लाकूडकामाचा स्वस्त लेथ घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत सुतारकाम आणि कातकाम करतो. विटा, तासगाव, कराड, सातारा, जत अशा सगळीकडून लेथचे, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायच्या यंत्राचे, फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते, "हा घेऊ का?" मी स्वतः पहिला लेथ फोटो बघूनच घेतला होता आणि त्याची किंमत पुढे दोन वर्षे मोजली. म्हणून सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

१. लाकडाचा लेथ आणि लोखंडाचा लेथ यात फरक काय? ओळखीच्या वर्कशॉपमधला जुना लोखंडाचा लेथ मिळतोय, तो चालेल का?

लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये आवळलेले असते आणि ते चाक फिरवून पुढे-मागे जाते. लाकडाच्या लेथवर हत्यार तुमच्या हातात असते, फक्त टूल रेस्टवर, म्हणजे आडव्या टेकूवर, टेकवलेले. त्यामुळे लोखंडाच्या लेथवर लाकूड कातता येते, पण हाताने गोलाई काढण्याची मजा आणि वेग दोन्ही जातात. बहुतेक जुन्या लेथचा स्पीडही लाकडासाठी कमी पडतो. आणखी एक अडचण आहे. लाकडाचा बारीक भुसा बेडवरच्या, म्हणजे लेथच्या लांब बैठकीवरच्या, तेलात मिसळून लगदा होतो, ओल धरतो आणि त्याखाली गंज चढतो. फुकट मिळत असेल आणि वर टूल रेस्ट बसवून घेता येत असेल तर घ्या. विकत घेऊ नका.

२. "स्वस्त लेथ" म्हणजे नेमका कोणता?

बाजारात या नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे बारा-चोवीस व्होल्टच्या डीसी मोटरवरचा वीतभर लेथ. त्यावर मणी, पेन, भोवरा एवढेच होते. दुसरी म्हणजे हँड ड्रिल अडकवायचा सांगाडा. हा घेऊच नका, कारण ड्रिलच्या बेअरिंग बाजूने येणारा दाब सोसण्यासाठी केलेल्याच नसतात आणि महिन्याभरात ड्रिलही हातचे जाते. तिसरा म्हणजे साधारण एक मीटर लांबीचा, पत्र्याच्या किंवा पाइपच्या बेडचा, तीन-चार पुल्यांचा आयात लेथ. चौथा आपल्याकडच्या वर्कशॉपने चॅनल आणि अँगल जोडून बनवलेला. खरा प्रश्न तिसऱ्या आणि चौथ्याचाच असतो, पुढची उत्तरे त्यांच्याबद्दल आहेत.

३. मला फक्त लाटणी, रव्या आणि पाळण्याचे खांब करायचे आहेत. त्यासाठी मोठा लेथ लागेल का?

नाही. लांब आणि बारीक कामाला स्वस्त लेथ उत्तम पुरतो. लाटण्याला दोन सेंटरमध्ये, म्हणजे लाकूड दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या टोकांमध्ये, १८ इंच जागा खूप झाली. खाटेच्या पायांना आणि पाळण्याच्या खांबांना मात्र एक मीटरचा बेड हवा. अशा कामाला अर्धा एचपी पुरतो आणि चकही (लाकूड एका बाजूने पकडणारा जबडा) लागत नाही, दोन सेंटरमध्येच जॉब (कातायचे लाकूड) धरता येतो. वाटी, परडी, थाळी असे रुंद काम डोक्यात आले की गणित बदलते. त्यासाठी प्रश्न ६ आणि ७ आधी वाचा, मग दुकानात जा.

४. दुकानात उभा आहे, हातात दहा मिनिटे आहेत. काय तपासू?

या सगळ्या पानातून एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

लेथमध्ये काही गोष्टी नंतर दुरुस्त होतात, काही कधीच होत नाहीत. मोटर, बेल्ट, पुली, बेअरिंग, स्विच या गोष्टी सांगलीत किंवा साताऱ्यात कुठल्याही दिवशी मिळतात. ६२०४ किंवा ६२०५ बेअरिंग तर मोटर रिवायंडिंगच्या छोट्या दुकानातही मिळते. त्यामुळे बेअरिंग करकरतेय म्हणून मशीन नाकारू नका, तेवढे पैसे कमी करून मागा. पिळलेला बेड आणि न जुळणारी सेंटर मात्र घरी आणल्यावर सरळ होत नाहीत.

म्हणून आधी हेडस्टॉकमध्ये (मोटरने फिरणारे डोके) टोकदार सेंटर बसवा, टेलस्टॉकमध्ये (समोरचे सरकणारे टोक, म्हणजे टेल) दुसरे. टेल सरकवत आणा, दोन्ही टोके एकमेकांना भिडेपर्यंत. आता समोरून बघा, वरून बघा. टोकाला टोक लागले पाहिजे. मग टेल आवळा आणि पुन्हा बघा, कारण बरेच स्वस्त लेथ सैल असताना जुळतात आणि आवळले की टेल उचलले जाते. त्यानंतर टेलचा दांडा दोन इंच बाहेर काढून तिसऱ्यांदा बघा. माझ्या पहिल्या लेथवर ही टोके उभ्यात जवळजवळ दोन मिलिमीटर चुकत होती. मी टेलखाली पत्र्याची पट्टी घातली, तर मधल्या जागेत जुळले आणि शेवटाला पुन्हा चुकले. कुपवाडच्या एका फिटरने बेडवर डायल (बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप) लावला, काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेला. बेडच पिळलेला होता. त्या लेथवर भोक पाडायला घेतले की ड्रिल एका बाजूला पळायचे आणि भोक तोंडाशी रुंद व्हायचे.

बारीक फरक, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत, लाकडाला चालतो. लाटणे त्यावर छान होते. फक्त ड्रिलिंगला आणि पेनला तो नडतो.

दुसरी तपासणी: बेल्ट काढून स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा) हाताने फिरवा आणि मग वर-खाली, पुढे-मागे हलवून बघा. खेळ असेल तर बेअरिंगचा आहे की बेअरिंगची जागाच रुंद झाली आहे ते विचारा. जागा रुंद झाली असेल तर सोडून द्या.

तिसरी: टूल रेस्ट आवळा आणि त्याच्या टोकावर तळहाताने जोर द्या. तो खाली दबला किंवा फिरला तर हत्यार अडकण्याच्या क्षणीही तो तसाच फिरेल. पातळ पत्र्याचा रेस्ट बदलून घेता येतो, पण त्याची बैठक बेडवर घट्ट आवळली जात नसेल तर ते मशीन नको.

शेवटी मशीन चालू करा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त स्पीडवर. रिकाम्या मशीनवर भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि पाणी नाचत बाहेर येऊ लागले, तर जॉब लावल्यावर काय होईल ते कळलेच.

५. जाहिरातीत १५०० वॉट लिहिले आहे. म्हणजे दोन एचपी झाले ना?

एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, त्या हिशोबाने हो. पण जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा मोटर क्षणभर किती वीज ओढू शकते त्याचा असतो. मोटर दिवसभर किती काम देते ते त्यातून कळत नाही. जाहिरात बाजूला ठेवा आणि मोटरवरची नावपट्टी वाचा: एचपी किंवा किलोवॉट, आरपीएम (मिनिटाला फेरे), अँपिअर. नावपट्टीच नसेल तर मोटर हातात घेऊन वजन बघा. एक एचपीची इंडक्शन मोटर एका हाताने सहज उचलली जात नाही. लाटण्याला अर्धा एचपी, आठ-दहा इंची वाटीला एक एचपी, यापेक्षा जास्त घरच्या कामाला लागत नाही.

६. कमीत कमी स्पीड एवढा महत्त्वाचा का? जास्त स्पीड म्हणजे चांगले मशीन ना?

विकणारा वरचा आकडा सांगतो, तुम्ही खालचा विचारा. कातारी लोक एक सोपा हिशोब धरतात: जॉबचा व्यास इंचात आणि स्पीड आरपीएममध्ये, यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा. आठ इंची वाटीला ७५० ते ११२५, दहा इंचीला ६०० ते ९००. हा हिशोब गोल झालेल्या जॉबचा आहे. कुऱ्हाडीने तोडलेला, एका बाजूला जड असलेला ओंडका पहिल्यांदा लावताना याच्याही निम्म्यावर यायला लागते. आणि बरेच स्वस्त लेथ सुरूच होतात ८०० च्या आसपास.

दहा इंची जॉबची कड ८०० आरपीएमला ताशी सुमारे ३८ किलोमीटरने फिरते. त्या वेगाने सुटलेला ओला बाभळीचा तुकडा तोंडावर येतो असे समजा, म्हणजे कळेल की मी हे पुन्हा पुन्हा का सांगतो. वाट्या करायच्या असतील तर ५०० किंवा त्याखाली येणारा लेथच घ्या. तसा परवडत नसेल तर पाच-सहा इंचांच्या वर जाऊ नका.

स्पीड कमी करता येतो. मोटर १४४० ची असेल, तिच्यावर दोन इंची पुली आणि स्पिंडलवर सहा इंची लावली, तर ४८० मिळतो. हेडस्टॉकमध्ये एवढी पुली मावते का ते आधी मोजा. मावत नसेल तर मधे एक जादा शाफ्ट घालावा लागतो. ते काम कुठलाही चांगला फिटर करतो.

७. चक नंतर घेईन म्हणतो. आत्ता कुठली गोष्ट बघून ठेवू?

स्पिंडलचे आटे. चक, फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) सगळे त्याच आट्यांवर बसते. एम३३ गुणिले ३.५ (३३ मिमी व्यास, ३.५ मिमी अंतराचे आटे) किंवा १ इंची, इंचाला ८ आट्यांचा स्पिंडल असेल तर चक सहज मिळतो. एम१८ गुणिले २.५ छोट्या आयात लेथवर असतो, त्याला जोडणारा अडॅप्टर मिळतो, पण प्रत्येक अडॅप्टरमुळे जॉब बेअरिंगपासून लांब जातो आणि थरथर वाढते. ज्याचे आटे कशालाच जुळत नाहीत अशा लेथला आयुष्यभर सगळे बनवूनच घ्यावे लागते.

स्पिंडलच्या आतल्या टेपरचेही (निमुळत्या भोकाचेही) तसेच. व्हर्निअरने तोंड मोजा: साधारण १७.८ मिलिमीटर असेल तर मोर्स टेपर २, साधारण १२ असेल तर १. दोन्ही चालतात, २ चांगला. टेपर नसून नुसते सरळ भोक आणि स्क्रू असेल तर तो लेथ लाटण्यांपुरताच आहे असे समजा.

८. बेड पत्र्याचा आहे. बिडाचाच (ओतीव लोखंडाचाच) हवा का?

बीड थरथर गिळते, पत्रा ती वाजवतो. पण पत्र्याच्या बेडचा लेथ टाकाऊ नसतो. जाड लाकडी टेबलावर बोल्टने आवळा, खालच्या फळीवर कृष्णेच्या वाळूची दोन-तीन पोती ठेवा, फरक हाताला कळतो. पाइपचा बेड असेल तर आत कोरडी वाळू भरून तोंडे बंद करणारेही आहेत. मी केले आहे, उपयोग होतो. बेड पिळलेला असेल तर मात्र वाळूने काही होत नाही (प्रश्न ४).

९. मशीनच्या किमतीवर आणखी किती खर्च धरू?

मशीनएवढाच. लोक इथे फसतात. हत्यारे, त्यांना धार लावायला ग्राइंडर, फेस शील्ड, पुढे चक. समजा तुमच्याकडे वीस हजार आहेत, तर दहाचे मशीन आणि दहाचे बाकीचे सामान घ्या. वीसचे मशीन घेऊन बोथट पटाशीने झुंजत बसलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. त्यांनी लेथवर ताडपत्री टाकली आहे.

१०. सोबत मिळालेल्या सहा हत्यारांचा सेट चालेल का?

ग्राइंडरवर ठिणगी बघा. भरपूर, पांढरट, फुलबाजीसारखी फुटणारी ठिणगी म्हणजे साधे कार्बन स्टील. कमी, लालसर, न फुटणारी म्हणजे एचएसएस (हाय स्पीड स्टील). कार्बन स्टीलला धार छान येते, पण ग्राइंडरवर निळे पडले की पाणी उतरते, म्हणजे कडकपणा जातो, आणि धार टिकत नाही. सारखे पाण्यात बुडवत धार लावली तर शिकायला चालते. फुकटच्या सेटवर शिका, पण एक रफिंग गाऊज (ओबडधोबड लाकूड गोल करायचे पन्हाळीसारखे हत्यार) आणि एक पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करायचे हत्यार) एचएसएसचे घ्या. सुताराची नेहमीची पटाशी लेथवर वापरू नका, तिची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, बारीक असते आणि अडकली की मुठीतूनच तुटते. रफिंग गाऊज वाटीच्या कामाला लावू नका, कारण तेच, शेपटी बारीक.

११. ऑनलाइन मागवू की कुपवाडला बनवून घेऊ?

लेथ बनवणे आपल्या भागाला नवीन नाही. किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये कारखाना उभा राहिला तेव्हापासून या जिल्ह्यात यंत्र जाणणारे हात तयार होत आले आहेत, आणि कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीत आजही असे फिटर आहेत जे स्पिंडल बघताक्षणी चूक सांगतात. बनवून घ्यायचा असेल तर दोन सेंटर जुळलेली हवीत, आटे आणि टेपर प्रमाणित हवेत आणि कमी स्पीड किती हवा, हे तिन्ही कागदावर लिहून द्या. वेल्डिंगनंतर चॅनल वाकडे होते, म्हणून बेडचा वरचा भाग वेल्डिंग झाल्यावर मशीनवर सपाट करून घ्या. हा एक खर्च लोक वाचवतात आणि तिथेच लेथ बिघडतो.

ऑनलाइन घेतलात तर खोका उघडण्यापासून व्हिडिओ करा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत प्रश्न ४ मधली टोकांची तपासणी करा. बहुतेक जण महिन्याने पहिला जॉब लावतात.

१२. पुरातला जुना लेथ निम्म्या किमतीत मिळतोय. घेऊ का?

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत अशी मशीन खूप फिरली, अजूनही फिरतात. रंग मारलेला असतो, त्यामुळे वरून कळत नाही. मोटरच्या टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडा, बेडच्या खालच्या खाचेत बोट घाला, पुलीच्या आतल्या बाजूला बघा. पुराचा बारीक चिकट गाळ तिथे वर्षानुवर्षे राहतो.

गाळ सापडला म्हणून लगेच नाही म्हणू नका. बिडाचा बेड पाण्याने बिघडत नाही, वरचा गंज घासून निघतो. मोटर रिवायंडिंगवाल्याकडे नेऊन मेगर (वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून घ्या, दोन्ही बेअरिंग बदलायचीच असे धरा, आणि तो खर्च किमतीतून वजा करा. माझा आत्ताचा लेथ असाच घेतलेला आहे. टेलचा दांडा गंजून अडकला होता, तीन दिवस डिझेल सोडत ठेवल्यावर सुटला. सेंटर जुळत होती, म्हणून घेतला.

१३. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही.

लगेच बंद करा, तशीच ठेवली तर वाइंडिंग जळते. आधी कपॅसिटर बदलून बघा, स्वस्त असतो. तरीही तसेच असेल तर व्होल्टेज मोजा आणि काम सकाळी करा.

१४. सिंगल फेजवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून थ्री फेज मोटर चालवता येते म्हणतात. खरे का?

खरे आहे, आणि स्वस्त लेथसाठी ही सगळ्यात चांगली सुधारणा आहे. स्पीड बटणाने कमी-जास्त होतो. अडचण एक. सिंगल फेज व्हीएफडी २३० व्होल्टच देते आणि आपल्याकडची लहान थ्री फेज मोटर बहुधा ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली असते. ती डेल्टात जोडून घ्यावी लागते (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या वायरी जोडायच्या दोन पद्धती). नावपट्टीवर दोन्ही व्होल्टेज असतील आणि सहा वायरी बाहेर असतील तर काम पाच मिनिटांचे. तीनच वायरी असतील तर रिवायंडिंगवाल्याकडून बाकीच्या बाहेर काढून घ्या. खूप कमी स्पीडवर मोटरचा पंखा हळू फिरतो आणि ती तापते, म्हणून पुल्याही ठेवा. उलटे फिरवायची सोय व्हीएफडीवर असतेच, पण चक आट्यांवर नुसता आवळलेला असेल तर उलट्या दिशेला तो सुटून येतो.

१५. मिरजेत तंबोऱ्याच्या खुंट्या करून द्यायचा विचार आहे. स्वस्त लेथवर जमेल?

जमेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हे काम नेटके हवे. खुंटी छोटी असते, त्यामुळे ताकद नको, बेडची लांबी नको. पण सेंटर काटेकोर जुळली पाहिजेत आणि बेअरिंगमध्ये खेळ नको, कारण खुंटी किंचितही लंबगोल झाली तर भोकात धरत नाही आणि सूर उतरतो. शिसव वापरत असाल तर पूर्ण वाळलेली घ्या. ओली काताल तर महिन्याने गोलाई जाते. आधी दहा खुंट्या करून कारागिराच्या हातात द्या आणि तो काय म्हणतो ते ऐका.

१६. शिकायला कोणते लाकूड घेऊ? कुठले टाळू?

छाटलेल्या आंब्याच्या, सुबाभळीच्या किंवा निलगिरीच्या फांद्या घ्या, लाकूड ओले असताना सोपे कातते. हात बसला की वखारीतून वाळलेली बाभूळ किंवा साग. जुन्या दाराच्या चौकटी कातायच्या असतील तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. कण्हेर अजिबात नको, ती विषारी आहे आणि तिचा भुसाही. शिसवीच्या भुशाने काहींना अंगावर पुरळ येते, श्वासाचा त्रास होतो. कुठल्याही लाकडाला पॉलिश पेपर मारताना मास्क लावा.

१७. हातमोजे घालून काम करू का? हाताला ढलप्या लागतात.

नाही. हातमोजा जॉबमध्ये अडकला तर हात आत ओढला जातो. ओढणी, पदर, गळ्यातला टॉवेल, हातातला दोरा, लांब बाही, मोकळे केस यांनाही तेच लागू. साधा चष्मा पुरत नाही, पूर्ण तोंड झाकणारे फेस शील्ड हवे. चालू करण्याआधी जॉब हाताने एक फेरी फिरवून बघा आणि पहिली काही सेकंद जॉबच्या समोर उभे राहू नका.

१८. दोन वर्षांनी मोठा लेथ घ्यावासा वाटला तर हे पैसे वाया जातील का?

हत्यारे, ग्राइंडर, फेस शील्ड तुमच्याबरोबर पुढे येतात. आटे जुळले तर चकही येतो, म्हणूनच प्रश्न ७ वर एवढा भर दिला. उरतो तो सांगाडा आणि मोटर. सेंटर जुळणारा जुना लेथ आपल्याकडे विकला जातो, शिकणारे सतत शोधत असतात. माझा पहिला, बेड पिळलेला, मी विकला नाही. तो दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालणे बरोबर वाटले नाही. त्याची मोटर आता माझ्या ग्राइंडरला आहे आणि बेड भंगारात गेला.